आला, आली, आले: घणसोलीतल्या दुसरीच्या एका मुलाची ध्वनिजाणीव

शाळेने पाठवलेल्या चिठ्ठीत तीनच वाक्यं होती. ‘मुळाक्षरं ओळखतो. बाराखडी तोंडपाठ आहे. वाचता येत नाही.’ सहामाही परीक्षा नुकतीच झाली होती आणि दुसरीतल्या या मुलाला धड्यातली एक ओळसुद्धा पुरी वाचता आली नव्हती.

नवी मुंबईतल्या ऐरोली ते कोपरखैरणे या पट्ट्यात मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. अशा अर्थाच्या चिठ्ठ्या दरवर्षी येतात. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. मराठी मुलाची ध्वनिजाणीव तपासायला बसल्यावर कान तपासतोय असं समजून आपण बरेचदा लिपीच तपासतो. मग मुलाच्या बरोबर उत्तरावर फुली पडते आणि अडचण जिथे आहे तिथे कुणाचा हातच जात नाही. या मुलाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

ध्वनिजाणीव म्हणजे बोललेला शब्द नुसत्या कानाने ऐकून त्याचे तुकडे करता येणं, तुकडे जोडता येणं, त्यातला एखादा काढता किंवा बदलता येणं. कागद नाही, पेन्सिल नाही, अक्षर नाही. ‘पाणी’तून ‘पा’ काढला तर काय उरतं, इतकं साधं.

मुलगा आणि घर

घरी सगळे त्याला ‘बाला’ म्हणतात, मीही इथे तसंच म्हणते. तपासणीच्या वेळी वय 7 वर्षं 4 महिने. घर घणसोली गावात, सेक्टरांच्या इमारतींनी वेढलेल्या जुन्या गावठाणात. कुटुंब आगरी. वडील रबाळे एमआयडीसीत टेम्पो चालवतात, आई घर सांभाळून शिवणकाम करते. आजीचं तरुणपण खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या पकडण्यात गेलं. आता ती गावातल्या लग्नांत धवले गाते, आणि बाला तिच्या मागे मागे असतो. अर्धेअधिक धवले त्याला पाठ आहेत.

सगळ्यात नेमकी माहिती आजीनेच दिली. ‘बाई, याला समदा पाठ हाय, पन वाचाला नाय येत.’ वर्गशिक्षिकेचा अंदाज होता की घरी अभ्यास घेत नाहीत. आईला भीती होती ती डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन शिकण्यातल्या मुळातल्याच अडचणीची, कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला व्हिडिओ पाहिल्यापासून तिची झोप उडाली होती. दोघींनाही मी एकच सांगितलं: आधी नेमकं कुठे अडतंय ते पाहू, नाव नंतर देऊ.

चालणं-बोलणं वेळेवर झालेलं. मात्र तीन-चार वर्षांचा असताना पावसाळ्यात त्याचा कान वाहायचा, हे आईने विचारल्यावर सांगितलं. याला महत्त्व आहे. कानात पाणी किंवा पू साठला की ऐकणं काही दिवस मंद होतं, मग सुधारतं, पुन्हा मंद होतं. ज्या वयात मूल आवाजांतले बारीक फरक टिपत असतं, त्याच वयात हा चढउतार होतो आणि मोठ्यांच्या तो लक्षातही येत नाही. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. दोन्ही कान आता ठीक निघाले. डोळेही ठीक. हे दोन रिपोर्ट हातात आल्याशिवाय वाचनाच्या तपासणीला मी हात लावत नाही, पालकांना कितीही घाई असली तरी.

बोलीची यादी

बाला गाडीला ‘गारी’ म्हणतो, होडीला ‘होरी’, डोळ्याला ‘डोला’, पाण्याला ‘पानी’. आगरी बोलीत शब्दाच्या आतल्या ड चा र होतो, ळ चा ल, ण चा न. शब्दाच्या सुरुवातीचा ड मात्र जागेवर राहतो, म्हणून ‘डोला’तला डो शाबूत. तपासणीत वापरायची सगळी चित्रं आजीसमोर मांडली आणि तिच्या तोंडून येणारा शब्द प्रत्येक चित्रामागे लिहून घेतला. होडीच्या चित्रावर मुलगा ‘होरी’ म्हणाला, तर पुढचे सगळे प्रश्न ‘होरी’वरच विचारायचे आणि शेवटचा तुकडा ‘री’ हेच बरोबर उत्तर धरायचं. ही यादी न करता आगरी, कोळी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला तपासायला बसणं त्याच्यावर अन्याय आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजूनही अशी कितीतरी घरं आहेत जिथे पुस्तकातली मराठी ही मुलाची दुसरी बोली असते.

ऱ्हस्व-दीर्घ मी कानाच्या तपासणीतून पूर्ण वगळलं. मराठीत इ आणि ई, उ आणि ऊ कुठे लिहायचे हे बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवरून ठरतं, रोजच्या बोलण्यात हा फरक मोठ्यांच्याही तोंडी स्पष्ट नसतो. जे कुणी धड उच्चारतच नाही, ते सात वर्षांच्या मुलाने ऐकून ओळखावं असं म्हणता येणार नाही. श आणि ष चंही तेच.

कानाची तपासणी

चित्रं वापरायची, म्हणजे शब्द लक्षात ठेवण्याचा भार पडत नाही. प्रत्येक प्रकारात आधी दोन प्रश्न सरावाचे, त्यांची उत्तरं मी स्वतः सांगून दाखवते. आणि बरोबर-चूक अशी खूण न करता मूल जे बोललं ते अक्षरशः लिहून घेते. चुकलेल्या उत्तरातच पुढची वाट असते.

यमक. भात, हात, पाय यांतलं न जुळणारं कोणतं? एकही चूक नाही. धवले ऐकून ऐकून हा कान तयार होता.

मग टाळ्या. शब्द बोलायचा आणि जितके तुकडे ऐकू येतील तितक्या टाळ्या वाजवायच्या. ‘चिंबोरी’ला तीन. ‘मांदेली’ला तीन. ‘बोंबील’ला दोन: बोम्, बील. ‘कमळ’ (तो ‘कमल’ म्हणतो) दोन: क, मल. ‘घर’ एक.

शाळेत अगदी हाच प्रकार कृतिपत्रिकेवर झाला होता आणि ‘कमळ’, ‘घर’, ‘बोंबील’ या तिन्हींपुढे लाल फुली होती. अपेक्षित उत्तरं तीन, दोन आणि तीन. ती लिहिलेल्या अक्षरांची संख्या आहे. आपण ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं लिहितो, पण बोलताना र मधला अ उच्चारत नाही, जीभ एकदाच हलून थांबते. ‘कमळ’चा शेवटचा अ तसाच गळतो. बालाने जे ऐकलं तेच मोजलं. प्रश्न कानाचा होता, उत्तर कानाने दिलं होतं. अक्षरं मोजायला शिकवायचं असेल तर शब्द फळ्यावर लिहून मोजायला शिकवावं, त्यालाही किंमत आहे. पण ती लिपीची ओळख झाली. वाचायला येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर शब्दाचं लिखित रूप येतं आणि तो ‘घर’ला दोन टाळ्या वाजवतो. न वाचणारा एक वाजवतो. म्हणजे या कृतिपत्रिकेने त्याला वाचता येत नाही एवढंच पुन्हा एकदा मोजलं, आणि नोंद मात्र ‘ध्वनी जाणीव कमी’ अशी झाली.

तुकडा वगळणं. ‘चिंबोरी’तून ‘चिं’ काढ. ‘बोरी.’ ‘मांदेली’तून ‘ली’ काढ. ‘मांदे’, आणि स्वतःच हसला. 10 पैकी 9. या वयाला उत्तम.

इथून पुढे चित्र बदललं. पहिला आवाज ओळखण्याचा प्रकार मी दोन पायऱ्यांत घेते. मासा, माती, पान: वेगळं कोणतं? ‘पान’, क्षणात. मग मासा, मीठ, पान. बालाने तिन्ही चित्रांवर बोट फिरवलं, ओठ हलवले, पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. ‘तिन्ही वेगले.’ मी शब्द पुन्हा म्हणून दाखवले. ‘मा, मी, पा. तिन्ही वेगले.’

या एका उत्तरात प्रकरणाचा गाभा आहे. त्याच्यासाठी ‘मा’ आणि ‘मी’ ही दोन अखंड, एकमेकांशी संबंध नसलेली एककं होती. दोन्हींच्या सुरुवातीला ओठ मिटतात, म् हा आवाज दोन्हींत आहे, फक्त मागचा स्वर बदलतो, हे त्याला ऐकू येत नव्हतं. म्हणजे कानावर पडत होतं, पण वेगळं काढता येत नव्हतं.

त्याच प्रकारातला आणखी एक प्रश्न: चहा, चाक, पान. अपेक्षित उत्तर ‘पान’, कारण भिंतीवरच्या तक्त्यात चहा आणि चाक दोन्ही ‘च’च्या घरात. बाला म्हणाला, ‘चहा आनि चाक एक नाय.’ नाहीतच. ‘चहा’, ‘चिमणी’ यांतला च वेगळा, ‘चाक’, ‘चूल’ यांतला वेगळा, तोंडात जीभ टेकते तीही वेगळ्या जागी. लिपी दोघांना एकच चिन्ह देते एवढंच. ज आणि झ यांचंही असंच. म्हणून पहिल्या आवाजाच्या तपासणीत मी च, ज, झ घेतच नाही. हा प्रश्न शाळेच्या कृतिपत्रिकेत होता म्हणून मुद्दाम विचारून पाहिला.

अक्षराच्या आतले आवाज. ‘मी’त किती आवाज आहेत? ‘एकच.’ ‘सा’तून स् काढला तर काय उरेल? गप्प. ‘ला’तला आ काढून तिथे ऊ ठेव. ‘लाऊ?’ 10 पैकी 1, तोही बहुधा अंदाजाने.

निरर्थक शब्द ऐकून पुन्हा म्हणणं ठीक होतं, चार तुकड्यांच्या शब्दांत थोडी गडबड. रांगेत मांडलेली ओळखीची चित्रं भराभर नावं घेत ओलांडायची, यात तो वर्गातल्या इतरांपेक्षा थोडा सावकाश. ही नोंद बाजूला ठेवली, शेवटी तिच्याकडे यावंच लागलं.

आता छापील मजकूर. सुटी मुळाक्षरं, ङ-ञ सारखी दुर्मीळ सोडली तर, जवळजवळ सगळी आली. ‘काका’, ‘मामा’, ‘आई’ आले. ‘मीठ’ला म्हणाला ‘मठ’. ‘गूळ’ला ‘गल’. ‘होडी’ला ‘हरी’. यात ड चा र झाला ती चूक नाही, ‘हो’चा ‘ह’ झाला ती आहे. बोलीची यादी जवळ नसती तर दोन्ही एकाच खात्यात गेल्या असत्या. ‘मीपा’, ‘सूले’, ‘नोपी’ अशा बनावट शब्दांपैकी एकही आला नाही. म्हणजे ‘काका’, ‘मामा’ तो वाचत नव्हता, चेहरा ओळखावा तसा ओळखत होता.

अडलं कुठे

मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या, 2005 पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची वाचनचाचणी शिक्षकांना ओळखीची आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्या मापाने बाला ‘अक्षर’ पातळीवर. मूल कुठे उभं आहे हे ती चाचणी चांगलं सांगते, का उभं आहे हे सांगणं तिचं काम नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 1974 साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना टेबलावर ठोके मारून शब्दाचे तुकडे मोजायला लावले होते. बालवाडीच्या वयात जवळपास निम्म्या मुलांना उच्चारी तुकडे मोजता आले, सुटे आवाज एकालाही नाही. पहिलीच्या अखेरीस उच्चारी तुकडे 90 टक्के मुलांना आले आणि सुटे आवाज 70 टक्के मुलांना. पहिलीच्या वर्षभरात ती मुलं वाचायला शिकली होती. पुढे 1979 मध्ये पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यांनाही शब्दाच्या सुरुवातीचा सुटा आवाज काढणं किंवा जोडणं फार जड गेलं. सुटा आवाज ऐकू येणं ही वयाबरोबर आपोआप येणारी गोष्ट नाही, वर्णांची लिपी शिकताना ती तयार होते.

सुट्या आवाजांची लिपी आणि अखंड उच्चारी तुकड्यांची लिपी, आपली लिपी या दोन्हींच्या मधली. एका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र बसवलेले, पण स्वराचं चिन्ह वेगळं दिसतं. कन्नड मुलांवर काम करणाऱ्या सोनाली नाग यांनी 2007 मध्ये दाखवलं की तिथल्या मुलांना अक्षराएवढ्या तुकड्यांची जाण लवकर येते, सुट्या आवाजांची सावकाश, आणि सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच आहे. म्हणजे सात वर्षांच्या मराठी मुलाला ‘मी’त दोन आवाज सापडले नाहीत, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तो तसाच राहिला तर पुढची वाट बंद होते. तीस-पस्तीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बारा रूपं म्हणजे चारशेच्या आसपास अक्षरं. आतली रचना कळली तर ती तयार करता येतात, नाही कळली तर एकेक पाठ करावी लागतात. बाला पाठच करत होता.

बाराखडीच्या चालीने त्याला आणखी अडकवलं होतं. ‘कला काना का, कला पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की…’ ही चाल तो झोपेतही म्हणेल. तिच्यात काना, वेलांटी, उकार, मात्रा ही चिन्हांची नावं आहेत आणि त्यातली काना, वेलांटी, मात्रा ही नुसत्या आकाराची. दुसऱ्या वेलांटीचा आवाज ‘ई’ आहे हे त्या ओळीत कुठेच येत नाही. ‘ल’ला दुसरी वेलांटी दिली तर काय, असं मध्येच विचारलं की बाला मनात ‘लला काना ला’पासून सुरुवात करायचा आणि तिथपर्यंत पोचता पोचता प्रश्न विसरायचा. शिवाय पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि आवाज मात्र नंतर येतो, हा आणखी एक घोळ. बाराखडी म्हणणं बंद करा असं माझं म्हणणं नाही. ती झाल्यावर वाचन आपोआप येईल हा विश्वास मात्र सोडायला हवा.

काम

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात केली. आठवड्यातले काही दिवस शाळा सुटल्यावर माझ्याकडे, बाकीचे दिवस आजीकडे. दर बैठकीत आधी थोडा वेळ फक्त कान आणि तोंड, मग अक्षरं.

पहिलं काम ताणून बोलण्याचं. यासाठी स, म, न, ल, श असे आवाज घेतले, जे श्वास असेपर्यंत धरून ठेवता येतात. ‘स्‌स्‌स्‌स्‌… आऽऽऽ.’ क, प, ट यांना धरता येत नाही, ते फुटतात आणि मागे अ चिकटून येतो. त्यांच्यापासून सुरुवात केली की मुलाला ‘क-आ-का’ म्हणावं लागतं आणि त्याचा गोंधळ वाढतो. ताणताना हात छातीवर ठेवायचा आणि तोंडाचा आकार कुठे बदलतो ते आरशात पाहायचं. ‘मी’ म्हणताना मिटलेले ओठ उघडतात ती जागा बालाला आरशात दिसली, पण कानाला पटली नाही.

मग चिंचोके. दोन चौकोन आखायचे आणि प्रत्येक आवाजाला एक चिंचोका पुढे सरकवायचा. ही रीत रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांची. इंग्रजी शाळांत तिच्यासाठी प्लॅस्टिकच्या चकत्या मिळतात, इथे चिंचोके कुठल्याही घरात असतात. ‘सा’: एक चिंचोका स् ला, एक आ ला. बाला मी करते तसं करायचा, पण नवीन अक्षर दिलं की दोन्ही चिंचोके एकदम ढकलायचा. बरेच दिवस गाडी इथेच थांबली.

वाट सापडली ती त्याच्या बोलण्यातच. कोण आलं हे सांगण्याचा खेळ चालला होता. बाबा? ‘आला.’ आई? ‘आली.’ पाहुणे? ‘आले.’ मी स्वतः? ‘आलो.’ मराठी बोलणारं तीन वर्षांचं मूलही हे चुकत नाही. लिंग आणि वचन बदललं की शेवटच्या अक्षरातला फक्त स्वर बदलायचा, व्यंजन तसंच ठेवायचं, हे काम ते दिवसभर करत असतं, फक्त आपण काय करतो याची त्याला जाणीव नसते. काळा, काळी, काळे. मासा, मासे. घोडा, घोडी, घोडे. ध्वनिजाणिवेचा इतका भरपूर सराव आपल्या व्याकरणात तयार पडलेला असताना इंग्रजी चाचण्यांचे अनुवाद कशासाठी करायचे, असं मला तेव्हा फार तीव्रतेने वाटलं, आजही वाटतं.

चौकोन तीन केले. पहिल्यात आ, दुसऱ्यात ल्, तिसऱ्यात शेवटचा स्वर. पहिले दोन चिंचोके जागेवर ठेवायचे, शेवटचा तेवढा उचलून दुसरा ठेवायचा. आईसाठी लाल मणी, बाबांसाठी निळा, पाहुण्यांसाठी पिवळा. ‘बाबा आला.’ निळा. ‘आई आली.’ निळा उचलला, लाल ठेवला. पाहुणे, पिवळा. दोन-तीन फेऱ्या झाल्या. मग तो थांबला, मधल्या चिंचोक्यावर बोट दाबून धरलं आणि मणी न हलवता नुसतं तोंडाने म्हणून पाहिलं: आला, आली, आले. ‘ल तिथंच हाय,’ तो म्हणाला. ‘मागचा बदलतं.’

त्या आठवड्यात आम्ही दुसरं काही केलं नाही. गेला, गेली, गेले, गेलो. काला, काली, काले. मासा, मासे. मग व्याकरणाचा आधार काढून घेतला: ‘ला, ली, ले, लो, लू.’ मग व्यंजन बदललं आणि स्वर ठेवला: ‘मी, ली, सी, नी.’ मग पुन्हा तीच तीन चित्रं समोर ठेवली, मासा, मीठ, पान. ‘पान. त्याला म् नाय.’ तो ‘म’ म्हणाला नाही, ओठ मिटून ‘म्’ म्हणाला.

अक्षरं जोडताना

कानाचं काम जमू लागल्यावर अक्षरं लगेच आणली. ब्रॅडली आणि ब्रायंट यांच्या 1983 च्या इंग्लंडमधल्या प्रयोगात, नुसतं आवाजांचं प्रशिक्षण मिळालेल्या मुलांपेक्षा आवाजांबरोबर प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळलेली मुलं वाचन-लेखनात पुढे गेली. चिंचोक्यांचा खेळ महिनोन्‌महिने चालवत राहणं मला पटत नाही. मुलाला वाचायचं आहे.

म, स, ल, न, क, प ही सहा व्यंजनं आणि आ, ई, ए ही तीनच चिन्हं घेतली. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी हा क्रम सोडून थोडी व्यंजनं आणि थोडी स्वरचिन्हं सुरुवातीपासून एकत्र घेण्याची ही पद्धत नवी नाही. आपल्या शेजारच्या वाडा तालुक्यात (पूर्वी ठाणे जिल्ह्यात, 2014 पासून पालघर जिल्ह्यात) आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये झालेल्या लिरिल या भारतीय भाषांतल्या वाचन-लेखनावरच्या दीर्घ अभ्यासातूनही तिला बळ मिळालं. चिन्हांना आवाजाने हाक मारायची: ‘ईची वेलांटी’, ‘एची मात्रा’. व्यंजनाचं कार्ड आणि चिन्हांच्या पारदर्शक पट्ट्या वेगवेगळ्या. ‘ल’वर पट्टी सरकवली की ‘ला’, बदलली की ‘ली’. निळा, लाल आणि पिवळा हे मण्यांचे रंग पट्ट्यांवरही तेच ठेवले, चिन्हं पक्की झाल्यावर काढून टाकले.

वाचायचे शब्द बहुतेक त्याच्या घरातले: मासा, मासे, काकी, मामी, नाक, कान. चिंबोरी बऱ्याच नंतर आली, पण ती वाचता येईल तेव्हा आजीला वाचून दाखवायची असं ठरलेलं होतं, म्हणून तिचं कार्ड डब्यात वाट पाहत होतं.

‘नाक’, ‘कान’ इथे नवी अडचण आली. अक्षर सुटं म्हणताना ‘क’, म्हणजे क् अधिक अ. जोडताना ‘ना-क’ असं दोन झटक्यांत होतं आणि ओळखीचा शब्द ऐकू येत नाही. ज्या मुलाने ‘घर’ला एक टाळी वाजवली होती त्याला इथे त्याच्याच कानाची मदत मिळाली. ‘ना-क म्हटलंस. आपण बोलताना कसं म्हणतो?’ ‘नाक्.’ ‘मग शेवटचा अ कुठे गेला?’ ‘खाल्ला.’ तेव्हापासून शब्दाच्या शेवटी आलेला अ खायचा हा नियम झाला. ‘रक्त’सारख्या जोडाक्षरान्त शब्दांत तो अ थोडा ऐकू येतो, पण ते पुढचं.

घरी आजीला एकच काम दिलं होतं. रात्री बाजारातल्या माशांची नावं घ्यायची आणि बालाने शेवटचा आवाज बदलून नवं नाव बनवायचं. मांदेला, मांदेले, मांदेलू. वर्गशिक्षिकेने कृतिपत्रिकेतला टाळ्यांचा प्रश्न बदलला: शब्द ऐकून टाळ्या वेगळ्या आणि फळ्यावर पाहून अक्षरं वेगळी. फुल्याही खोडून टाकल्या, वर्गासमोर. त्याचा बालावर झालेला परिणाम मी कुठल्याही तक्त्यात मांडू शकत नाही.

मे महिन्यात

तीच तपासणी, शब्द बदलून. अक्षराच्या आतले आवाज ओळखणं आणि बदलणं: 10 पैकी 8. चुकलेले दोन्ही औ चे. बनावट शब्द ‘मीपा’, ‘नोपी’सारखे बहुतेक आले, सावकाश पण न अडखळता. स्वरचिन्हं असलेले दोन-तीन अक्षरी शब्द तो वाचतो, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद बोट ठेवून पुरा करतो. ‘होडी’ला ‘होरी’ म्हणतो. मी ते तसंच ठेवलं आहे. श्रुतलेखनात मात्र ‘ड’ लिहायचा हे तो शिकतोय, कारण लिहिण्याची रीत सगळ्यांची एक आहे.

वेग कमी आहे. पट्ट्यांशिवायही त्याला प्रत्येक अक्षर जोडून घ्यावं लागतं, शब्द एकदम डोळ्यांत भरत नाही. चित्रांची नावं भराभर घेण्यात तो सुरुवातीला सावकाश होता, तो वेग फारसा बदललेला नाही. ध्वनिजाणीव सुधारली आणि वेग मागे राहिला, असं दिसलं की मी सावध होते. आईचा प्रश्न अजून तिथेच आहे: डिस्लेक्सिया आहे का? उत्तर द्यायची वेळ अजून आलेली नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो), पण प्रमाणपत्रासाठीची तपासणी वयाची 8 वर्षं पूर्ण झाल्यावर होते, आणि ते योग्यच आहे. चांगलं शिकवूनही अडचण उरते का, हे आधी पाहावं लागतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियासाठीची चाचणी मराठीतही आहे आणि तिसरी ते पाचवीसाठी तिचा वेगळा संच आहे. तिसरीच्या पहिल्या सत्रात तो घ्यायचा असं आईशी ठरलं आहे. तिला आता निदान झोप लागते.

सध्या जोडाक्षरं चालू आहेत. आधी एकाच व्यंजनाची जोडी: रस्सा, अम्मा, गल्ली, कारण तिथे आवाज धरून ठेवता येतो. नंतर वेगवेगळी. परवा श्रुतलेखनात ‘रस्ता’ हा शब्द दिला, त्याने ‘रसता’ लिहिलं. टाळ्या वाजवायला सांगितल्या. रस्, ता. दोन, आणि दोन्ही अगदी बरोबर. लिहिताना मात्र स् पहिल्या तुकड्यातून उचलून त ला जोडावा लागतो, र आणि स्ता. कान एका जागी तोडतो आणि लिपी दुसऱ्या. त्यासाठी आता चिंचोक्यांचे पाच चौकोन आखले आहेत, आणि मधला स् कुणाच्या वाट्याला द्यायचा यावर आमचं दोघांचं काम चालू आहे.